लाख्याचं आंबोण

"मामा, लातूर जिल्हा झाल्यापासून तुमच्या बैलाला बी सरकारी नोकरी लागली बघा," शेजारचा पंढरी ओसरीवर बसून म्हणाला. "काम न्हाई, निसता हजेरी लावून राहिला!"

सगळे हसले. लिंबाजीही हसले, मग म्हणाले, "म्हातारा झाला त्यो. उद्या तू हाळीच्या बैलबाजाराला चाललास न्हवं? घेऊन जा."

चुलीपुढं बसलेली त्यांची सून पंचशीलाही हसली होती. हसल्याचीच तिला लाज वाटली. तो बैल, लाख्या, गाडी का ओढत नाही, हे त्या घरात तिला एकटीला ठाऊक होतं.

जिल्हा नवा होऊन तिसरं वर्ष, आणि पावसानं तोंड फिरवून दुसरं. तिचा नवरा लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई. इकडं भीमनगरच्या वीस घरांचं पाणी लिंबाजींच्या बैलगाडीवर. दीड कोसावरच्या विहिरीवरून चार पिंपं, दिवसाला दोन खेपा. बैलांचं आंबोण भिजवायचं काम सासऱ्यांनी तिला दिलं होतं. "बी. ए. झालीया, मापाला चुकायची न्हाई." एकेका बैलाला दोन शेर सरकी. गाईला नुसता कडबा.

पण पंचशीलाचं दूध आटलं होतं. आठ महिन्यांची लेक गाईच्या दुधावर, आणि गाय आटत चाललेली. उठल्या उठल्या लेकीचं मनगट चाचपून बघायची तिला खोडच लागली. एका सकाळी तिनं जोडीतल्या दुसऱ्या बैलाच्या, मोऱ्याच्या पाटीतली शेरभर सरकी काढून गाईपुढं टाकली. मोऱ्या तरणा, त्यानं शिंगानं पाटीच उलथून दिली. मग दुसऱ्या दिवसापासून ती लाख्याच्या पाटीतून काढू लागली. लाख्या उरलेलं चाटूनपुसून खायचा आणि मान वर करून तिच्याकडं बघायचा, एवढंच. त्याला महिना झाला. लेकीचे गाल भरून आले.

लाख्या मागं पडू लागला तशी लिंबाजींनी जुवाची बांधणी चार बोटं मोऱ्याकडं सरकवली, म्हणजे ओझं मोऱ्यावर जास्त. पाटी उलथणाऱ्या त्या मोऱ्यानं ते मुकाट घेतलं. वळणावर मात्र तो बिथरायचा. लिंबाजी म्हणायचे, "जोर ह्याचा, पर वाट लाख्याची. लाख्याचा खांदा हलला की मग ह्यो पाय उचलतो." परवा चढाला लाख्या गुडघ्यावर आला, दोन पिंपं सांडली, दहा घरं कोरडी राहिली. संध्याकाळी मोऱ्याच्या मानेला हळद लावताना सोललेलं कातडं पंचशीलाच्या बोटाला लागलं.

सकाळी पंढरीनं लाख्याचं दावं सोडलं. बैल निमूट त्याच्यामागं निघाला. तो थोडा अडला असता तरी तिला बरं वाटलं असतं.

"मामा, नेऊ देऊ नका त्याला," ती म्हणाली. "म्हातारा न्हाई झाला तो. त्याची निम्मी सरकी मी महिनाभर गाईला घातलीया."

पंढरी थांबला. सासू सरजाबाईंचा खराटा थांबला.

लिंबाजी ओसरीवरून खाली उतरले. मग म्हणाले, "लेकरासाठी मागितली असतीस तर मी न्हाई म्हणलो असतो का?"

"गाडी चालली तर गल्ली जगंल, असं तुम्हीच म्हणला व्हता. भ्याले मी."

"बरं. पर लाख्याचीच का काढलीस? मोऱ्याची का न्हाई?"

"मोऱ्या मारायला धावतो," ती खाली बघून म्हणाली. "लाख्या काय म्हणत न्हाई."

लिंबाजींनी पंढरीच्या हातातलं दावं घेतलं. लाख्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला. "आठ दिस गाडी जुपायची न्हाई," ते म्हणाले. "समद्यांनी डोईवर पाणी आणायचं. आन् ते घरोघर तू सांगून यायचं."

लेकीला कडेवर घेऊन ती निघाली तेव्हा सरजाबाई मागून पुटपुटल्या, "बैल आजारी हाय म्हण की. कशाला जगात शोभा?"

पहिलं घर चांगुणाचं. दारात दोन घागरी मांडून ती वाटच बघत होती. "काय गं, गाडी न्हाई आली? बैलाला काय झालं?"

पंचशीलानं लेकीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं.

"बैलाला काय झालं न्हाई, चांगुणाबाई," ती म्हणाली. "मी उपाशी ठेवला त्याला."