एकच पट्टी

भाऊ ताईच्या पार्लरमध्ये शिरला तो थेट आरशासमोरच्या खुर्चीत बसला. जहाजावरची चार महिन्यांची पाळी संपवून आठ दिवसांपूर्वी घरी आलेला माणूस, पण चेहरा पार उतरलेला. त्यानं खालचा ओठ उलटा करून दाखवला.

"बघ ताई. दिसतात?"

ओठाच्या आतल्या बाजूला रव्यासारखे बारीक, पिवळसर दाणे होते.

"आणि बायकोला जांघेत फोड आलेत. मी सरळ विचारलं, कोण होता? कालपासून बॅग भरून बसलीय."

"अरे, तोंड आहे की तोफ?" ताई म्हणाली. "फोड कसे आहेत?"

"मोत्यासारखे. मध्ये खळी."

ताईनं वॅक्सच्या डब्याकडे पाहिलं.

तशाच खळीचे दाणे तिनं दीड महिन्यापूर्वी एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर पाहिले होते. "उष्णतेचे आहेत हो," बाई म्हणाली, आणि ताईनं विश्वास ठेवला, कारण ठेवणं सोयीचं होतं. वॅक्स लावायच्या लाकडी पट्ट्यांचं पाकीट संपत आलं होतं, दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. पट्टी एकदा अंगाला लागली की कचऱ्यात, पुन्हा वॅक्सच्या डब्यात नाही, हे शिकायला येणाऱ्या मुलींना ती पहिल्याच दिवशी पढवायची. त्या दुपारी एकच पट्टी तिनं पंधरा वेळा बुडवली. संध्याकाळी भावजय आली. "वन्सं, अस्वल आलंय, माणसात आणा!" हसत हसत ताईनं तोच डबा गरम केला.

"आधी डॉक्टरांना दाखवा," ती भावाला एवढंच म्हणाली. कबुली ओठांवर आली होती. पण पंधरा वर्षांचं पार्लर, दारातली गिऱ्हाइकं... ती आरसा पुसायला लागली. भाऊ निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तिघं त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी भावाचा ओठ दिव्याखाली पाहिला.

"या तेलाच्या ग्रंथी आहेत. कित्येकांना असतात. तुम्हालाही जुन्याच असणार, आजवर ओठ उलटून बघितला नव्हता, इतकंच. औषध नको."

"मग हे हिच्यामुळे नाही?"

"आरशामुळे म्हणा."

भावजय हसली नाही. तिला पडद्याआड तपासून डॉक्टर बाहेर आल्या. "हे विषाणूचे फोड. त्रासदायक, पण साधे. संबंधांतूनही येतात, पण टॉवेल, रेझर, असल्या वापरलेल्या वस्तूंतूनही येतात. फोडांवरून कुणाच्या चारित्र्यावर बोट ठेवता येत नाही." त्यांनी भावाकडे बघितलं, मग भावजयीला विचारलं, "कुणाचं काही वापरलं होतंत?"

"नाही," भावजय म्हणाली. "वॅक्स केलं होतं, पण ते वन्संकडे. त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी नाही."

हा विश्वास ताईला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

"माझ्याकडूनच आले," ती म्हणाली, आणि पट्टी, डबा, ती बाई, सगळं सांगून टाकलं. भाऊ जमिनीकडे बघत राहिला.

"तुम्हाला हे कधी कळलं?" भावजयीनं विचारलं.

"काल. हा आला होता तेव्हा."

"कालचा अख्खा दिवस हा मला नको नको ते बोलत होता, वन्सं."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

ताईला पुन्हा हो म्हणवेना. भावजय उठली. भाऊ तिची पर्स उचलायला वाकला, तर तिनं ती आधीच उचलली होती. दोघं एकापाठोपाठ एक, अंतर ठेवून बाहेर पडली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "त्या डब्यातून आणखी किती जणींना?"

ताईनं बोटांवर मोजलं. पाच. त्यांतली एक नुकतीच लग्न ठरलेली.

पार्लरचं दार आतून लावून तिनं भेटींची वही उघडली. पहिला नंबर लावला.

"हॅलो? मी पार्लरमधून बोलतेय. तुमच्या अंगावर कुठे बारीक फोड आलेत का?"

पलीकडे कुणीतरी दार लावून घेतलं. मग अगदी हळू आवाज आला, "तुम्हाला कोणी सांगितलं? मी घरात कुणाला बोललेसुद्धा नाही."

"तुमचं काही चुकलेलं नाही," ताई म्हणाली. "आधी माझं ऐकून घ्या."