कोरडा पाइप

माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, आणि त्याची आई लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. यावर माझं इतक्यांदा बोलून झालंय की आता मी बोलत नाही. शेवटी व्हायचं तेच झालं. सासूबाई जिन्यात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं की यापुढे एकटं राहणं बंद. म्हणून त्या आमच्याकडे आल्या.

आमचं घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत आम्ही. बाहेरच्या खोलीत सोफा, जेवायचं टेबल आणि नवऱ्याची टाकी. टाकी म्हणजे साधी मासे पाळायची नव्हे. खारं पाणी, त्यात जिवंत पोवळी, नारिंगी मासे आणि दगडावर बसून सगळ्यांवर देखरेख करणारी एक कोळंबी. सासूबाईंचा पलंग टाकीला लागूनच लावला, कारण दुसरीकडे जागाच नव्हती.

या टाकीच्या एका कोपऱ्यात उभी पेटी आहे. वरचं पाणी तिच्यात सांडतं, तिथून पाइपने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. तो उतरणारा पाइप दिवसभर गुळण्या करायचा. घळघळ, मग एक घोट, मग पुन्हा घळघळ. आमच्या कानांना त्याची सवय झाली होती. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो आणि एकमेकांशी ओरडून बोलायचो. माझा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे मला वेगळे कष्ट पडले नाहीत.

सासूबाई मात्र तोंडातून ब्र काढत नसत. "झोप लागली का?" विचारलं की "छान लागली," हे ठरलेलं उत्तर. डोळे सुजलेले, मान पेंगलेली, आणि म्हणे छान लागली. मला या बाईंचा मनापासून राग यायचा. माणसाने भांडावं, कुरकुरावं, म्हणजे निदान कळतं तरी काय दुखतंय.

त्या दुपारी मी दवाखान्यातून लवकर सुटले. मी दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. दार उघडलं तर पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, पंप कोरडा पडून किंचाळत होता, आणि त्या पाण्याच्या मधोमध सासूबाई वॉकर धरून उभ्या. एका पायात लोकरी मोजा, दुसरा पाय उघडा, आणि त्या उघड्या पायाने टॉवेल पुढे ढकलून फरशी पुसायचा प्रयत्न चाललेला. पाय घसरला असता तर? मी आधी मेन स्विच पाडला, कारण विजेचा बोर्ड कपाटात खालीच पडलेला होता. मग त्यांना धरून सोफ्यावर बसवलं. मग मी मोकळ्या मनाने ओरडले. टाकीवर, नवऱ्यावर, जगावर.

"मोजा मी घातला," सासूबाई म्हणाल्या. "त्या नळीच्या तोंडात. म्हटलं, जरा डोळा लागेल."

"अहो, मग मला सांगायचं ना!"

"कशाला उगीच. तुमचं घर आहे."

तुमचं घर. हे शब्द मला त्या पाण्यापेक्षा जास्त लागले.

संध्याकाळी नवरा आला. त्याने पेटीतून ओला मोजा काढला, पिळला, पंप पुन्हा सुरू केला, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, "टाकी विकून टाकतो."

"मग मी आजच निघते," सासूबाई म्हणाल्या. "माझ्यापायी मुलाने आपला जीव जडलेली वस्तू बाहेर काढली, असं मला नको. नाही विकलीस तरी रविवारी तुला सुट्टी आहे, तेव्हा मला माझ्या घरी सोड." आणि त्यांनी खरंच बॅग भरायला घेतली. कमी बोलणाऱ्या माणसांचं हेच वाईट असतं. बोलतात तेव्हा ठरवूनच बोलतात.

म्हणजे टाकी विकली तरी त्या जाणार, आणि ती अशीच घळघळत राहिली तरी जाणार. तिकडे ते जिने, आणि बंद दारामागे त्या एकट्या. नवरा खांदे पाडून बसला. मला बसवेना. मी कपाट उघडून त्या पाइपचा आवाज ऐकत उभी राहिले, आणि माझ्या लक्षात आलं की हा आवाज मी दवाखान्यातही रोज ऐकते.

"आमच्याकडे पेशंटच्या तोंडात थुंकी ओढायची नळी असते ना," मी त्याला म्हटलं, "ती पाण्यात पूर्ण बुडलेली असली की गप्प असते. पाण्याबरोबर हवा ओढायला लागली की गुळण्या सुरू. तुझ्या पाइपमध्ये हवा जातेय."

"व्हॉल्व लावून पाणी अडवलं तर पाइप भरलेला राहील," तो म्हणाला. मग स्वतःच मान हलवली. "पण मग टाकीतली एखादी गोगलगाय त्यात अडकली तरी आजच्यासारखंच होईल."

"लिफ्टला दोर किती असतात?"

"चार. पाच. कधी जास्त. का?"

"आणि एवढ्या पाण्याला पाइप किती?"

"पेटीच्या तळाला भोकं दोन होती," तो हळूच म्हणाला. "एकातून पाणी खाली नेलं आणि दुसऱ्यातून वर आणलं. नाहीतर वर येणारा पाइप टाकीच्या मागून दिसला असता. बरं दिसलं नसतं."

बरं दिसलं नसतं! दिवसभर लोकांना सुरक्षिततेचे धडे देतो आणि घरी आईच्या उशाशी सगळं पाणी एका दोरावर टांगून ठेवतो. मी कपाळाला हात लावला. पण बोलले नाही, कारण त्याचा चेहरा आधीच पडला होता.

त्याने शनिवारी रजा टाकली. पेटी रिकामी केली, नवे वायसर बसवले आणि दोन्ही भोकं फक्त उतरणाऱ्या पाण्याला दिली. पहिल्या पाइपचं तोंड पाण्यात बुडलेलं, वर जाळी, खाली व्हॉल्व. दुसऱ्याचं तोंड उंच, पाण्याच्या जरा वर. तो एरवी कोरडाच राहायचा, पहिला बुजला तरच कामाला लागायचा. "याला व्हॉल्व कधीच लावायचा नाही," तो मलाच दरडावून म्हणाला, जणू मी पिशवीत व्हॉल्व घेऊन फिरते. वर चढणारा पाइप टाकीच्या मागून काठावरून आणला. दिसला. काही वाईट दिसला नाही. विजेचा बोर्ड भिंतीवर उंच ठोकला. सासूबाई सोफ्यावरून सगळं बघत होत्या. बॅग दाराशी होती.

चिकटवलेले जोड सुकल्यावर संध्याकाळी पंप सुरू केला. आता मी कान आणि तो हात. तो व्हॉल्व केसभर फिरवायचा, मी ऐकायचे. "अजून." घळघळ पातळ झाली. "अजून थोडा. थांब." आणि आवाज गेला. फ्रिजची घरघर ऐकू आली. शेजारच्या घरातलं कोणीतरी शिंकलं, तेही कळलं.

"आता परीक्षा," तो म्हणाला. वीज गेली असं समजून मी पंप बंद केला. वरचं पाणी थोडं खाली आलं आणि खालच्या टाकीत काठापासून चार बोटं राखून थांबलं. पंप पुन्हा सुरू केला. मग त्याने हात बुडवून पहिल्या पाइपचं तोंड तळव्याने बंद केलं. पेटीतलं पाणी चढायला लागलं. मी टॉवेल घेऊन उभी. पाणी दुसऱ्या पाइपच्या तोंडाशी आलं, आत वळलं आणि मोठ्याने खळखळत खाली गेलं. फरशी कोरडी होती. माझा जीव भांड्यात पडला.

"हा तर पहिल्यापेक्षा मोठा आवाज," सासूबाई म्हणाल्या.

"हा आला की समज, पहिला बुजलाय," नवरा म्हणाला. "मग आम्हाला हाक मारायची."

"झोपेतून उठवायचं तुम्हाला?"

"हो. ओरडायचं, आई. त्यासाठीच केलंय ते."

सासूबाई बराच वेळ त्या कोरड्या पाइपाकडे बघत बसल्या.

रविवारी सकाळी मी बाहेर आले तेव्हा त्या चक्क घोरत होत्या. पण बॅग दाराशी तशीच होती. त्या उठल्या, चहा झाला. नवरा गाडीची किल्ली मुठीत धरून बसला होता. त्याला विचारायची भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. मी, जिच्या तोंडाला कुलूप लागत नाही, ती रिकाम्या कपात बघत होते. त्या गेल्या तर घर मोकळं होईल, असं मला एकेकाळी वाटलं होतं. आता त्या जिन्यांचा विचारही करवत नव्हता.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "त्या टाकीतला निळा दिवा डोळ्यांवर येतो," त्या म्हणाल्या. "इतक्या उशिरापर्यंत कशाला लावून ठेवता? आणि पलंग उलटा लावलाय तुम्ही. उठताना सगळा भार दुखऱ्या पायावर येतो. इतक्या दिवसांत एकालाही कळलं नाही?"

नवऱ्याने किल्ली टेबलावर ठेवली. "फिरवतो."

"आधी ती बॅग उचल. मध्येच पडलीय. अडखळून पडेन मी."

त्याने बॅग आत नेली. मी पलंगाचं एक टोक धरलं तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही. दुपारपर्यंत सासूबाईंनी आणखी बऱ्याच तक्रारी केल्या. त्यातली एक माझ्या मोठ्या आवाजाबद्दल होती.