बुढ्याचा उजवा कान

आमचा बुढा, माझा नवरा उमराव, गावच्या तलावाचं पाणी वाटते. त्याचा बाप वाटे, आजा वाटे. पाऊस लांबला की तलावाच्या काठच्या पाळीवर बैठक बसते अन् कोणाच्या बांधीत, धानाच्या वावरात, आधी पाणी सोडायचं ते बुढा ठरवते. बैठकीत तो डोळे मिटून ऐकते. तोंड पाह्यलं की नातं दिसते, म्हणते. काय तो थाट!

ऐकू कमी यायले लागलं तेव्हा आमच्या हिमांशूनं बापाले गोंदियाले नेऊन उजव्या कानात मशीन बसवून आणली. झालं, तमाशा सुरू. डावा कान आपला जुनाच, आवाज सारा उजवीकडून. मी डावीकडून बोलो का मागून, बुढा उजवीकडेच पाहे. एकदा चुलीजवळून म्हटलं, जेवायले या, तर उजवीकडच्या म्हशीले म्हणते, आलो. मी हासून हासून बेजार.

पण भादव्यात पावसानं दडी मारली. धान निसवून राहिलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या वेळी पाणी पाहिजेच. बैठकीत डावीकडून कैलाश भांडून राहिला होता. मशीनमधून तर सगळ्यायचा आवाज सारखाच, डब्यात बोलल्यावानी. बुढ्यानं डोळे उघडले अन् उजवीकडच्या बकारामले झापलं. तो बिचारा तंबाखू मळत बसला होता. लोक हासले. मंग कोणीतरी म्हणलं, पाणी वाटायले आता दुसरा माणूस पाहा. पुढच्या बैठकीत ठरवू म्हणून उठले.

बुढा घरी आला, मशीन काढून भिंतीतल्या देवळीत ठेवली अन् उपाशीच झोपला. माझं काळीज तुटलं. सकाळी मीच ती मशीन त्याच्या कानात कोंबली.

डॉक्टरनं तर सांगितलंच होतं, "दादाजी, देख के सुनो. दिमाग अपना हिसाब खुद ठीक कर लेगा." कान म्हणते आवाज उजवीकडून आला, डोळे म्हणते बाई तर समोर बसली आहे. दोघायचं भांडण रोज लागू द्या, डोकं आपोआप मिटवते. पण हा शहाणा डोळे मिटून ऐके, मंग साक्ष कोण देईल?

बसलो मंग समोरासमोर. आता आली पंचाईत, बोलायचं काय? सासू-सासऱ्याच्या राज्यात मी ह्यायच्यासंगं दाराआडून बोले, ते गेले तरी सवय काही गेली नाही. गावच्या चहाड्या लवकरच सरल्या. मंग एक दिवस बुढा म्हणते, तुह्या भुवईवर तीळ आहे काय? एवढा संसार केला, कुठं पाहून राहिला होता देव जाणे. मी लाजली, खोटं कायले बोलू.

मी कधी डावीकडे बसो, कधी उजवीकडे, अन् बडबड चालू. मले पाहून पाहून बुढ्याचं डोकं ताळ्यावर आलं. मंग मागून हाक मारली तरी मान नेमकी तिकडेच वळे.

बैठक भरली. बुढा डोळे उघडे ठेवून बसला. कैलाश डावीकडून बोलला, मान डावीकडे. मागून बकाराम कुरकुरला, तोही सापडला. माझी छाती फुगली, अन् तिथंच मले हाव सुटली. आमी बाया मागं उभ्या होतो. पदर तोंडावर घेऊन मी शेजारच्या शामकलाले म्हटलं, जरा मोठ्यानंच, की या वेळी उमरावच्या बांधीत आधी पाणी सोडलं तर काय बिघडते? मुद्दाम, भर बैठकीत नवऱ्याचं नाव घेतलं! कोणाले वाटलं असतं, मीच असेन?

बुढ्याची मान वळली. एवढ्या पदरांतून सरळ माझ्याकडे.

"हिमांशूची माय," तो म्हणाला, "आपली बांधी शेवटी."

सारी पाळ हासली. दुसऱ्या माणसाची गोष्ट मंग कोणी काढली नाही. मले राग आला अन् रडूही आलं. आमच्या धानाले पाणी शेवटीच भेटलं, पण ते सोडलं आमच्या बुढ्यानंच.