गवताच्या डॉक्टरीणबाई

चांगुणानं तीस वर्षं दुसऱ्याच्या रानातलं गवत उपटून लेकीला शिकवलं, आणि लेकीला नोकरी लागली ती गवत लावायची. तीही समुद्रात. शिरड शहापुरात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून कुणी विचारलं की चांगुणा म्हणायची, "डॉक्टर झाली करुणा." कशाची, असं पुढं कुणी विचारलंच, तर आवाज बारीक करून सांगायची, "गवताची."

ही बातमी विश्वंभरच्या बी-बियाणं आणि औषधांच्या दुकानापर्यंत गेली. त्यानं नव्या तणनाशकासाठी हळदवाल्या शेतकऱ्यांचा मेळावा ठेवला होता आणि त्याला एक पाहुणी हवी होती. करुणा तामिळनाडूहून चार दिवसांसाठी घरी आली आहे हे कळताच तो दारात हजर झाला.

"ताई, गवताची पीएचडी म्हणजे आपल्याच लाईनचं काम."

"मी गवत वाचवते, काका."

"हां, तेच ते. दोन शब्द बोला."

करुणा हो म्हणाली आणि मग घाबरली. दुपारी भाकरी खाताना तिनं आईला विचारलं, "माय, हळदीतल्या लव्हाळ्याचं कुणी विचारलं तर काय सांगू? मला त्यातलं काहीच येत नाही."

चांगुणाला हसू आलं. "अगं, लव्हाळ्याची गाठ मातीत राहती. वरून फवारलं की पात करपती, गाठ खाली मजेत. पाणी भेटलं की पुन्हा वर. गाठीसगट खुरपून काढायचा, पंधरा दिसानं परत काढायचा. दुसरी दवा न्हाई."

"हे कधी सांगितलंस का कुणाला?"

"मला कोण इचारतं?"

फवारणी सुरू झाल्यापासून बायांना निंदणीला बोलावणंही कमी झालं होतं.

मेळाव्याला चांगुणा ठेवणीतलं लुगडं नेसून शेवटच्या रांगेत बसली. करुणा बोलायला लागली तशी भीती विसरली. समुद्राच्या तळाशी गवताची कुरणं असतात, त्यांना मुळं असतात, पाण्याखालीच फुलं येतात. बोटींच्या नांगरांनी आणि जाळ्यांनी ती उखडली जातात. मग आम्ही बांबूच्या चौकटीला काथ्यानं एकेक रोप बांधतो आणि पाण्यात बुडी मारून ती तळाशी बसवतो. समुद्रगाय नावाचा प्राणी त्या गवतावरच जगतो.

पहिल्या रांगेतले उकंडराव सावरून बसले. तीस एकर हळदीचा हा माणूस. "ही गाय दूध किती देती?"

"पिल्लाला पुरतं तेवढं."

मांडव हसला.

"मंग ते गवत जगवून फायदा काय?"

"माशांची पिल्लं त्यातच वाढतात, काका. गवत गेलं की कोळ्याचं जाळं रिकामं येतं."

उकंडरावांनी मान हलवली, परमुलखातला दुष्काळ ऐकून हलवावी तशी. "बरं, आमच्या लव्हाळ्याचं सांगा."

करुणानं आईकडं एकदा पाहिलं आणि दुपारी ऐकलेलं सगळं तसंच्या तसं सांगितलं. विश्वंभरचा चेहरा उतरला. तरी शाल, नारळ आणि तणनाशकाचा पाच लिटरचा डबा देऊन त्यानं सत्कार उरकला. फोटो झाल्यावर डबा परत मागून घेतला. तो रिकामाच होता, दुकानात मांडायचा.

करुणा गेल्यावर तिसऱ्या दिवशी उकंडराव चांगुणाच्या घरी आले. आजवर ते रस्त्यावरूनच "ए चांगुणा" अशी हाक मारायचे. त्या दिवशी आत आले, खुर्चीवर बसले. चहा पुढं केला, तर क्षणभर थबकून तोही प्याले.

"चांगुणाबाई, वीस बाया पाहिजेत. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यापरमानं लव्हाळा काढायचाय. पण बराबर काढा बरं. तुमाला माहीत नसंल, त्याची गाठ मातीत राहती. वरून पात करपली तरी खाली ती जित्ती असती."

चांगुणानं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "व्हय का? मला अडाणीला काय ठावं." मग पदर सारखा करून म्हणाली, "पण पोरगी आणखी एक सांगून गेली, मालक. सकाळी धाच्या आत गाठ सुटत न्हाई. अन् बाया रानापर्यंत पायी चालल्या की हात थरथरतो, गाठ मधीच तुटती. गाडीच पाहिजे."

"असं म्हणल्या?"

"इंग्रजीत म्हणली."

उकंडराव विचारात पडले. "शास्त्रच असंल तर इलाज न्हाई," म्हणाले आणि उठले.

सोमवारी दहा वाजता वीस बाया टेम्पोतून रानात उतरल्या. दुपारच्या सुट्टीत करुणाचा फोन आला. मागं वाऱ्याचा आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज होता.

"माय, माझ्या भाषणाचा काही उपयोग झाला का गं? समुद्रातल्या गवताचं कुणी काही विचारलं?"

बांधावर बसलेल्या बाया कान देऊन ऐकू लागल्या. लेकीला खोटं सांगणं चांगुणाच्या जिवावर आलं, पण तिला नाराज करणं त्याहून जड.

"इचारलं ना," ती म्हणाली. "उकंडराव इचारत व्हते, त्या गायीला सरकीची पेंड चालती का म्हणून."