पडद्याआडचा हात

मित्रांनो, मी एक जुनी उशी आहे. पण माझ्यावर कुणी कधी डोके टेकले नाही. मी नाडी पाहण्याची उशी, जेमतेम वीतभर लांब. चीनमधल्या शाओशिंग शहरातल्या वैद्य तुंग यांच्या पत्नीने निळ्या कापडात साळीचा कोंडा भरून मला शिवले. फार पूर्वीचे वैद्य म्हणे गळ्याची, पायाची, सगळीकडची नाडी पाहत. पुढे मनगटावर तीन बोटे ठेवून भागू लागले आणि माझी गरज पडली. वरून वैद्यांची बोटे, खालून मी. मनगट थरथरले की मला लगेच कळते, म्हणून मी जन्मभर घाबरटच राहिले.

एका हिवाळ्यात लू घराण्याकडून बोलावणे आले. त्यांची धाकटी सून अंथरुणाला खिळली होती. मोठ्या घरांतल्या बायका पडद्याआडून फक्त हात पुढे करतात आणि वैद्याने काही न विचारता आजार ओळखायचा असतो. त्यात या घरच्या मालकीणबाईंचा वैद्यांवर काडीचाही विश्वास नव्हता. आधीच्या दोघांना त्यांनी वाटेला लावले होते. पडद्यातून हात आला. माझ्यावर टेकताच मला त्याचे घट्टे टोचले. हा सुनेचा हात नव्हताच. वैद्यांची परीक्षा घ्यायला मालकीणबाईंनी पाणी भरणाऱ्या सूयुन या दासीला आत बसवले होते.

वैद्यांची बोटे टेकली आणि माझ्या पोटातला कोंडा गारठला. ताटलीत मोती घरंगळावेत तशी ती नाडी चालली होती. अशी नाडी पोटुशी बाईची असते आणि सूयुनचे लग्न झालेले नव्हते. हे उघड केले असते, तर वैद्यांची वाहवा झाली असती आणि सूयुनला मारझोड करून विकून टाकले असते. तिलाही ते ठाऊक होते. तिचे मनगट माझ्यावर लटलट कापत होते.

"काय आजार आहे?" मालकीणबाईंनी विचारले.

"या हाताला आजार नाही," वैद्य म्हणाले. "हा पाणी भरणारा हात आहे. आजारी माणूस कुठंय?"

"आणखी काही कळलं?"

वैद्यांनी बोटे उचलली नाहीत. आता हे बोलतात, असे मला वाटले. आपल्याला कळलेले पोटात ठेवणे वैद्यांना फार जड जाते, हे मी पुष्कळदा पाहिले होते.

"एवढंच कळलं, की या घरात थट्टेला वेळ आहे. तुमच्या सुनेकडे तेवढा नाही."

मालकीणबाई ओशाळल्या. खरा हात पुढे आला आणि काढे सुरू झाले. पण माझी भीती सरेना. दर खेपेला सूयुन चहा घेऊन येई आणि माझे लक्ष तिच्या कापूस भरलेल्या जाड अंगरख्याकडे जाई. थंडी सरली की तो उतरणार होता. सून बरी होण्याआधीच ऊन तापले तर?

कालव्याकाठच्या वाळुंजाच्या झाडांना पालवी फुटू लागली, तेव्हा कुठे सून आपल्या पायांनी अंगणात आली. हवे ते मागा, असे मालकीणबाईंनी सांगितले.

"माझ्या बायकोला आता नीट दिसत नाही," वैद्य म्हणाले. "पाणी भरायला ही मुलगी द्या. हात मजबूत आहे, मी स्वतः पाहिलाय."

"सुनेचा जीव वाचवलात आणि मागितलंत काय, तर मोलकरीण!" त्या हसल्या. "न्या."

परतताना होडीत सूयुन मला मांडीवर घेऊन बसली होती. लू घराण्याची कमान दिसेनाशी होईपर्यंत तिने मान वर केली नाही. मग तिने अंगरख्याची गाठ सैल केली आणि ती ढसाढसा रडली.

आता वैद्य तुंग नाहीत. माझी शिवण उसवली आहे, कोंडा सांडतो. नवे वैद्य हुशार आहेत, पण नाडीत जे सापडेल ते चारचौघांत मोठ्याने सांगतात. काल एका मुलीने माझ्यावर हात टेकला. तो सूयुनच्या हातासारखाच कापत होता आणि खोली माणसांनी भरली होती.

मित्रांनो, मला जपले नाहीत तरी चालेल. पण कुणाचा हात विश्वासाने तुमच्या हाती आला, तर त्यातून जे कळेल ते जपा. मला फक्त थरथर कळते, बोटे तुमची असतात.