अकरावं छिद्र

"बोल्ट देतेस ना?" हे दारात उभे राहून म्हणाले. एका खांद्यावर बंदुकीची लांब पिशवी, काखेत गुंडाळलेली चटई, आणि डोक्यावर ती रंग उडालेली टोपी, जी मी दोनदा फेकून दिली आणि यांनी दोनदा परत आणली.

"नाही दिला तर?"

"तर आज वर्षाची परीक्षा आहे आणि मी झाडूच्या दांड्याने नेम धरीन."

मी शिवणाच्या डब्यातून बोल्ट काढला. आमच्या घरची ही पद्धत मुलगी रांगायला लागली तेव्हापासूनची. बंदूक यांच्या लोखंडी कपाटात कुलपात, आणि ज्याच्याशिवाय तिच्यातून गोळी सुटत नाही तो वीतभर लोखंडी तुकडा माझ्याकडे. त्यामुळे दर रविवारी यांना माझ्यापुढे हात पसरावा लागतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू? मुलगी आता दुसऱ्या गावी असते, तिचीच मुलं मोठी झाली, तरी पद्धत चालू आहे.

बोल्ट घेऊन यांनी हात चटकन खिशात घातला. पण मला दिसायचं ते दिसलंच. बोटं थरथरत होती.

गेलं वर्षभर हे चाललं होतं. पेला दोन्ही हातांनी धरायचे आणि "गरम आहे" म्हणायचे. त्यात गार पाणी असलं तरी. शर्टाचं वरचं बटण लावणं सोडून दिलं, म्हणे गळ्याला उकडतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वयाचं आहे, गोळ्यांनी थोडं दबेल, जाणार नाही. घरी आल्यावर यांनी मला सांगितलं की डॉक्टर फार चांगला माणूस आहे. बस, एवढंच. त्यानंतर त्या विषयाला आमच्या घरात बंदी.

हे कवळ्या बनवतात. दंतवैद्य मापं पाठवतात आणि हे मागच्या खोलीत बसून मेणात एकेक दात बसवतात. आमच्या भागातली निम्मी म्हातारी माणसं यांच्या दातांनी हसतात. बाजारात कुणी मोठ्याने हसलं की हे मला कोपराने ढोसतात आणि हळूच म्हणतात, "माझं काम." हल्ली मात्र बारीक कोरीव काम दुसऱ्यांकडे जातं, हे फक्त साचे ओततात. विचारलं तर म्हणतात, साचा ओतण्यातच खरी मजा आहे.

आणि नेमबाजी. लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं की हे खूळ आहे, उतरेल. उतरलं नाही. शनिवारी दुपारनंतर आमच्याकडे चहा बंद, कारण चहाने हात हलतो. काहीही नाजूक करायचं असलं, अगदी सही करायची असली, तरी हे आधी अर्धा श्वास सोडणार, थांबणार, आणि मग करणार. बँकेतल्या बाईने एकदा मला विचारलं होतं, "यांना दम आहे का?" इतकी वर्षं एवढं सगळं करून मिळालं काय, तर एकदा तिसरा नंबर. स्पर्धक चार होते, हे मी कुणाला सांगत नाही.

मी त्या बंदुकीच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली. तेलाचा वास, चिंध्यांचा पसारा, रविवारची सकाळ फुकट. एकदाची जाऊ दे ती, असं किती वेळा म्हटलं असेल. आणि आता ती खरोखरच जायची वेळ आली, तर मलाच ती जायला नको होती. क्लबाचा नियम असा की सत्तरी ओलांडलेल्याने दर वर्षी परीक्षकासमोर दहा गोळ्या मारायच्या आणि शंभरात सत्तर गुण मिळवायचे. कमी पडले तर बंदूक क्लबाच्या कोठारात जमा, आणि पुन्हा त्या चटईवर आडवं व्हायचं नाही. मागच्या वर्षी यांना एकाहत्तर मिळाले होते, आणि तेव्हा हात बरा होता.

"मी येते आज," मी म्हटलं.

"तू? तिथे?" यांचा विश्वास बसेना. "कानात बोळे घालून बसावं लागतं. बोलता येत नाही."

"बसेन. एक दिवस तुमच्यासाठी गप्पसुद्धा बसेन."

नेमबाजीची जागा म्हणजे एक लांबलचक शेड. पुढे मोकळं मैदान, पलीकडे मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर ओळीने लावलेले कागद. शेडमध्ये चटया अंथरायच्या, पोटावर झोपायचं, आणि शेजारी ठेवलेल्या छोट्या दुर्बिणीतून आपली गोळी कुठे लागली ते बघायचं. यांची जागा पाच नंबरची. सहा नंबरवर मास्तर.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे. वयाने यांच्याहून थोडे लहान. तीस वर्षं हे दोघे शेजारी शेजारी आडवे होतात आणि तीस वर्षं भांडतात. तुमची चटई माझ्या हद्दीत आली, तुमच्या गोळीची रिकामी पुंगळी माझ्या मानेवर उडाली, असलं काहीतरी. एक गोष्ट मात्र दोघेही पाळायचे, आणि तिथे सगळेच पाळतात: शेजाऱ्याच्या कागदावर दुर्बीण लावायची नाही. त्याचं बरंवाईट आधी त्याने बघायचं.

परीक्षा आणि क्लबाची वार्षिक स्पर्धा एकत्रच होती. मास्तर आधीच्या फेऱ्यांत सगळ्यांच्या पुढे होते. यापूर्वी दोनदा त्यांचा करंडक एका गुणाने हुकलेला. या वेळी करंडकासाठी घरातली फळी मोकळी करून ठेवलीय, असं त्यांनी येणाऱ्या जाणाऱ्याला सांगून झालं होतं.

हे गुडघे टेकून चटईवर उतरायला लागले. त्यात बराच वेळ गेला.

"सावकाश, दातवाले," मास्तर म्हणाले. "जमीन कुठे पळून जात नाही."

"तुम्ही तुमच्या हद्दीत बघा," हे म्हणाले.

परीक्षक बाईंनी शिट्टी वाजवली. मी मागे खुर्चीवर, कानात बोळे, जीव टांगणीला. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण नळीचं टोक दिसत होतं. बाकी सगळ्यांच्या नळ्या जणू जमिनीत रोवलेल्या. यांची हलत होती. हे अर्धा श्वास सोडायचे, थांबायचे, नळी थांबायची नाही, मग पुन्हा श्वास. एकेका गोळीला इतका वेळ की बघताना मीच गुदमरले. दहावी मारून झाल्यावर यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढलाच नाही. मग बंदूक खाली ठेवली, तिच्या दस्त्यावर कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. बेरीज काय झाली ते मला विचारावं लागलं नाही.

मास्तरांची एक गोळी उरली होती. त्यांनी मान वळवून यांच्याकडे पाहिलं. आणि मग, तीस वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. आपली दुर्बीण हळूच आमच्या कागदाकडे फिरवली. पाहिलं. दुर्बीण परत सरळ केली. डावं कोपर चटईवर जरासं सरकवलं, बंदूक खांद्याला लावली. नळी थोडी डावीकडे वळली आणि तिथे थांबली. मला वाटलं, नीट पडून घेतायत. गोळी सुटली.

कागद आणले तेव्हा परीक्षक बाईंनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. "पाच नंबरवर अकरा छिद्रं. सहा नंबरवर नऊ."

शेडमध्ये हशा पिकला. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. "गेली की शेजारी! अहो, मी मेलो!" ही चूक नवखी माणसं पहिल्या आठवड्यात करतात, आणि पुढे वर्षभर त्यांची थट्टा होते.

बाईंनी नियम वाचून दाखवला. शेजाऱ्याची गोळी चुकून आली आणि कुणाची कुठली ते सांगता येत नसेल, तर सगळ्यांत कमी गुणांचं छिद्र सोडून द्यायचं. आमच्या कागदावर कडेला एक दोन गुणांचं छिद्र होतं. ते गेलं. मधोमध एक सुंदर दहा होता. तो राहिला.

"बहात्तर," बाई म्हणाल्या. "पास. अभिनंदन."

मास्तरांच्या नावावर शेवटच्या गोळीचं शून्य लागलं. करंडक औषधांच्या दुकानदाराकडे गेला.

यांनी कागद हातात घेऊन त्या दहाकडे पाहिलं. स्वतःची दहाही छिद्रं यांनी दुर्बिणीतून पाहिलेली. यांचं तोंड उघडलं, आणि मी ओळखलं की आता हा माणूस खरं बोलणार: दहा माझा नाही, आणि मास्तर असे चुकत नाहीत. पण जाणूनबुजून दुसऱ्याच्या कागदावर मारणाऱ्याचं नाव क्लबातून कायमचं कापतात. यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर मोठमोठ्याने स्वतःला शिव्या घालण्यात गुंग होते. यांनी तोंड मिटलं, अर्धा श्वास सोडला आणि सही केली.

बाहेर नळावर मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, मी मागेच बसले होते."

ते हात धूत राहिले. "वहिनी, शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. शेजारचा आता ठोकणार असं दिसलं की पाय आपोआप जातो. सवय आहे."

"आणि करंडक?"

"ठेवणार कुठे? फळीवर बायकोने केव्हाच औषधं मांडलीत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्ही मात्र त्यांना काही बोलू नका."

मला बोलावं लागलंच नाही. घरी आल्यावर हे बंदुकीला तेल लावत बसले. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मी समोर बसून चिंध्या देत होते, हेही पहिल्यांदाच.

"तो दहा माझा नव्हता," हे म्हणाले.

"ठाऊक आहे."

"बोललो असतो तर त्यांना काढलं असतं."

"हो."

"म्हणून घेतला." यांनी नळीवरून चिंधी फिरवली. "आता बंदूक देऊन टाकतो."

मी उठूनच उभी राहिले. "अहो, पास झालात ना! वर्षभराची सोय झाली. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू की!"

"आणि पुढच्या वर्षी काय, त्यांनी पुन्हा करंडक घालवायचा?"

 इतकी वर्षं ती बंदूक जावी म्हणून भांडले, आणि त्या संध्याकाळी ती राहावी म्हणून रडले. हे माझ्याकडे पाहतच राहिले. मग हसून म्हणाले, "आधी सांगितलं असतंस, तर दुसरी पण घेतली असती."

"दातवाले," मी रडत रडतच म्हटलं, "तोंड सांभाळा."

"हात असा असताना बंदूक धरू नये, हे नव्या लोकांना मीच शिकवतो," हे म्हणाले. "काढून घेतली असती तर मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आता मी देतोय. दोन्हींत फरक आहे."

पुढच्या रविवारी मीही बरोबर गेले. कोठाराच्या खिडकीत बंदूक देताना यांनी पिशवीची चेन नीट वरपर्यंत लावली. मला वाटलं, आता घरी जायचं. पण यांनी एक खुर्ची उचलली आणि सहा नंबरच्या मागे नेऊन ठेवली.

मास्तर चटईवरूनच मान वर करून म्हणाले, "इथे काय काम?"

"तुम्ही मारा. कुठे लागली ते मी सांगतो. दर वेळी मान वळवता, त्यात नेम बिघडतो तुमचा. तीस वर्षं बघतोय."

 मास्तरांनी हात लांब केला आणि आपली दुर्बीण मागे, यांच्या पुढ्यात ढकलली.

पहिली गोळी सुटली.

"नऊ. डावीकडे."

"दहा असणार. नीट बघा."

"डोळ्याला काही झालेलं नाही माझ्या. नऊ."

मास्तर पुटपुटले आणि त्यांनी दुसरी गोळी भरली. शेडमधली माणसं अधूनमधून वळून बघत होती. हे खुर्चीत पुढे वाकून, दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, उघड्यावर, थरथरत होते. यांनी ते खिशात घातले नाहीत.