दुसऱ्याचा हात

काकांच्या घरामागच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी तीन माणसं एका गाडीभोवती जमत. गाडी कुणाची याला महत्त्व नव्हतं. कधी दातांच्या डॉक्टरची, कधी वॉशरची, कधी ओळखीतल्या कुणीतरी 'जरा बघा ना' म्हणून आणून टाकलेली. तिघांपैकी एकाचाही हा पोटापाण्याचा धंदा नव्हता. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, डॉक्टर आठवडाभर लोकांच्या तोंडात डोकावणारे, आणि वॉशर शाळेत चित्रकला शिकवणारा. त्याला वॉशर म्हणत, कारण गाडी जोडून झाली की त्याच्या खिशात हमखास एक वॉशर, म्हणजे बोल्टखालची चकती, उरलेला सापडे आणि तो कुठला, हे त्याला काही केल्या आठवत नसे. शहाण्या माणसाने अशाला गाडीजवळ फिरकू दिलं नसतं. पण त्या शेडमध्ये गाडीचं वेड असलं की पुरे होतं.

उरलेल्या वॉशरच्या धसक्यानेच काकांनी एक नियम घातला होता. कुणीही आपलं काम आपणच पुरं झालं म्हणायचं नाही. एकाने बोल्ट आवळला की दुसऱ्याने त्यावर पाना लावून बघायचा आणि मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. बोल्ट पुढे कधी ढळला तर रेघ तुटलेली दिसते. नियम तिघांनाही मान्य होता आणि त्याला अपवाद एकच होता, तो म्हणजे नियम करणारा. काकांनी आवळलेल्या बोल्टवर दुसरा कुणी पाना लावत नसे. आपली रेघ ते आपणच ओढत.

आणि ते तसं वावगंही नव्हतं. पाना कुठे थांबवायचा हे सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. डॉक्टरांनी एकदा हौसेने टॉर्क रेंच आणला, ठरलेला जोर लागला की 'कट्' असा आवाज करणारा पाना. काकांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, की डॉक्टर, दात उपटतानाही तुम्ही अशाच आवाजाची वाट बघता का. वॉशर पोट धरून हसला. डॉक्टरांनी तो पाना डिकीत टाकला आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. निदान काकांसमोर तरी नाही.

बरेच महिने झाले, काकांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. सुरुवातीला अंगठ्याशेजारची दोन, मग सगळीच. शर्टाचं बटण लावताना ते आरशात बघून लावत. कपाटातला कप हातात आला की नाही हे डोळ्यांनी पाहावं लागे. साखरेच्या आजारात नसा अशा मरत जातात, असं तपासणाऱ्या डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, आणि काका मूग गिळून गप्प बसले होते. बायको जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगी दुसऱ्या गावी. सांगायचं तरी कुणाला, असं ते स्वतःला समजावत. खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं. हात गेला हे कबूल केलं तर रविवार गेला, आणि रविवार गेला तर उरलेले सहा दिवस कशाच्या आशेवर काढायचे, हे त्यांना कुणी सांगितलं नसतं.

घर मात्र बोलत होतं. स्वयंपाकघरातला नळ त्यांनी स्वतः दुरुस्त केला, तो तिसऱ्या दिवशी पुन्हा ठिबकायला लागला. न्हाणीघराच्या दाराची मूठ पुन्हा बसवली, ती हातात आली. काकांनी नळाला शिव्या दिल्या, मुठीला दिल्या, हल्लीच्या मालात दमच नाही म्हणून सगळ्या बाजारपेठेचा उद्धार केला. माणसाला एखादी गोष्ट ऐकायचीच नसली की तो किती हुशार होतो, हे त्यांच्याकडे बघून कळलं असतं.

कारण त्यांच्याकडे एक पुरावा होता. रविवारचा. आपण आवळलेला एखादा बोल्ट शेडमधल्या कुठल्याही गाडीत सैल निघाला तर त्याच क्षणी पाना खाली ठेवायचा, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं आणि ते खोटं नव्हतं. दर रविवारी काम सुरू करण्याआधी ते आलेल्या गाड्यांतले मागच्या खेपेचे आपले बोल्ट तपासत. एकही ढळलेला नसे. एकाही रेघेला तडा नसे. म्हणजे बोटं मेली असली तरी मनगट जिवंत आहे, असा हिशेब त्यांनी मांडला आणि त्यावर विसंबून राहिले.

अशात मुलगी चार दिवसांसाठी आली, आपल्या छोट्या लेकीला घेऊन, स्वतः गाडी चालवत. फाटकातून आत येतानाच ब्रेक कुईं करून ओरडला आणि काकांचे डोळे चमकले. पॅड झिजलेत, उद्याच बदलतो, असं त्यांनी पिशव्या घरात जायच्या आधीच जाहीर केलं. मुलगी म्हणाली की राहू द्या बाबा, तिकडे गेल्यावर मी करून घेईन. काका म्हणाले, ते तिकडचे लोक करतात ते काम मी बघितलंय. मग ती म्हणाली, बरं, रविवारी तुमची मंडळी येतात तेव्हा सगळे मिळून करा, मी जरा उशिरा निघेन. पण बापाला लेकीच्या गाडीचे ब्रेक बसवायला आणखी दोन माणसं लागतात, हे काकांच्या नाकाला मिरच्यांसारखं झोंबलं. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली काढून दिली. मग आत जाऊन ठिबकत्या नळाखाली वाटी ठेवली.

शुक्रवारी काकांनी गाडी जॅकवर चढवली. कितीतरी दिवसांनी ते खरोखर खुशीत होते. पुढची दोन्ही चाकं उतरवली, पॅड धरून ठेवणाऱ्या कॅलिपरचे बोल्ट काढले, जुने पॅड काढून नातीला दाखवले. बघ, तुझ्या आईने ब्रेक दाबून दाबून यांची कशी चटणी केली. नात हसली. नवे पॅड बसवले, बोल्ट लावले, पाना धरून दम लावला. मनगटाने सांगितलं, झालं. निदान काकांना तसं ऐकू आलं. मग रंगाची डबी उघडून त्यांनी चारही बोल्टांवर रेघा ओढल्या, अगदी सरळ, आणि चाकं चढवली. संध्याकाळी फाटकापर्यंत जाऊन येऊन पाहिलं तर ब्रेक ओरडला नाही. मुलगी म्हणाली, छान झालं बाबा. त्या रात्री ते दोन घास जास्त जेवले.

रविवारी नाश्ता करून मुलगी निघाली. पुढे दीड-दोन तासांच्या रस्त्यानंतर डोंगराचा उतार लागतो, वळणावळणाचा, तिथे सावकाश जा एवढं त्यांनी तिला सांगितलं. ती गेली आणि थोड्याच वेळात डॉक्टर आणि वॉशर आले. त्या दिवशी डॉक्टरांचीच गाडी होती, मागच्या चाकाचं बेअरिंग बदलायचं. काकांनी हाताखाली दोघांना घेतलं, काम भराभर उरकलं, बोल्ट आवळले, रेघा ओढल्या. वॉशर नेहमीप्रमाणे म्हणाला की काका, आता तुमच्या हातचा चहा होऊन जाऊ द्या. काकांच्या चहाची शेडमध्ये फार तारीफ होती. आलं किसून, नीट उकळून, पंधरा मिनिटांचं ते काम असे.

काका आत गेले, तर गॅस संपलेला. त्या दोघांना विचारावं, कुणी सिलिंडर बदलायला येता का, म्हणून ते तसेच मागे फिरले.

डॉक्टर गुडघ्यांवर बसलेले होते. त्यांच्या हातात टॉर्क रेंच होता आणि तो काकांनी आत्ताच आवळलेल्या बोल्टवर होता. बोल्ट फिरत होता. अर्धा फेरा, पाऊण फेरा, मग 'कट्'. शेजारी वॉशर चिंधीला टर्पेंटाइन लावून काकांची ओली रेघ पुसत होता, आणि दुसऱ्या हातात बारीक ब्रश धरून अगदी तशीच नवी रेघ ओढत होता. चित्रकलेचा मास्तरच तो. काकांच्या हाताला रेघेच्या शेवटी जी किंचित उजवीकडे वळायची सवय होती, तीसुद्धा त्याने उचलली होती.

काका मागे उभे आहेत याचा त्या दोघांना पत्ता नव्हता. मग डॉक्टरांनी मान वर केली.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

वॉशरने ब्रश पाठीमागे लपवला.

"वर्ष झालं असेल," डॉक्टर म्हणाले. "काका, एकदोन बोल्ट सैल सापडले होते. मग आम्ही म्हटलं, उगाच कशाला..."

"म्हणून चहा."

"चहा चांगलाच असतो तुमचा," वॉशर म्हणाला.

संताप आला. यायलाच हवा होता. वर्षभर हे दोघे आपल्याला लहान मुलासारखं खेळवत राहिले, आपण आत आलं किसत बसलो आणि बाहेर आपली लाज झाकली जात होती. भिडेपोटी, मायेपोटी, ते काय असेल ते असो. दोघांना फाटकाबाहेर काढावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि शब्द फुटायच्या आधीच त्यांना शुक्रवार आठवला. रविवारच्या पुराव्यावर त्यांनी शुक्रवारी पाना हातात घेतला होता. आणि शुक्रवारी शेडमध्ये चहा मागणारं कुणी नव्हतं.

"पोरीचे ब्रेक मी बसवले," ते म्हणाले. "पुढचे. दोन्ही बाजूंचे."

डॉक्टर ताडकन उठले. गाडी कुठपर्यंत गेली असेल, कधी निघाली, हे ते विचारत होते आणि काकांच्या तोंडातून धड उत्तर निघत नव्हतं. त्यांना दिसत होता तो उतार, वळणं, आणि मागच्या सीटवर पट्ट्यात बांधलेली नात. त्यांनी फोन काढला. काचेवर बोट उमटेना. एकदा, दोनदा. वॉशरने फोन त्यांच्या हातून घेऊन लावून दिला. नुसती घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिकवण काकांचीच, आणि लेक बापाची आज्ञाधारक. डॉक्टरांची गाडी अजून जॅकवर होती, म्हणून वॉशर आपली गाडी काढायला पळाला. काका शेडच्या खांबाला धरून उभे राहिले. देवाला काय म्हणायचं तेही त्यांना सुचेना. माझं काय वाटेल ते होऊ दे, एवढंच ते मनात घोकत होते.

वॉशर गाडी फाटकाशी आणतो न आणतो तोच फोन वाजला. मुलीचा होता.

"बाबा, अहो किती फोन! माझा फोन गाडीतच राहिला होता. काय झालं?"

"कुठे आहेस? गाडी थांबव. आहेस तिथे थांबव."

"थांबलेलीच आहे. उतार अजून लागला नाही. अलीकडे एक गॅरेज आहे ना, तिथे आहोत आम्ही. पिल्लू बिस्किट खातंय."

काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी डॉक्टरांना हाताने खूण केली की आहे, ठीक आहे. डॉक्टरांनी डोळे मिटले. मग हळूहळू काकांच्या ध्यानात दुसरी गोष्ट आली.

"गॅरेजमध्ये कशाला? काही आवाज आला का?"



"आवाज नाही आला," ती म्हणाली. "असंच. एकदा नजर टाकून घ्या म्हटलं."

"मागच्या वेळी मी क्लचची केबल बदलली होती. तेव्हाही नजर टाकून घेतली होतीस?"

"बाबा, जाऊ द्या ना."

"त्याच्याही आधी?"

"काम करताना तुम्ही इतके खूश असता ओ," ती म्हणाली. "आई गेल्यापासून तेवढ्यापुरतेच असता. मी काय सांगणार?"

लेकीवर रागावता येईना, कारण ती जिवंत होती आणि तिने न सांगता तपासून घेतलं म्हणूनच जिवंत होती. आपण केलेली कामं जगभर लोक आपल्या मागे गुपचूप पुन्हा करत हिंडतायत, असं त्यांना वाटलं, आणि वाईट याचं वाटलं की ते सगळे बरोबर होते. डॉक्टर पाण्याचा ग्लास घेऊन शेजारी उभे होते. काकांनी तो घेतला नाही. हातातून सुटला असता.

"किती सैल होते?" त्यांनी विचारलं.

"बाबा."

"सांग."

"उजव्या चाकाचे दोन्ही बोल्ट बोटांनी फिरले, म्हणाला. आता घट्ट केलेत त्याने. आता निघतोच आहोत आम्ही."

"निघू नकोस. त्याच्याकडे दे फोन."

"त्याला काही बोलू नका हं, प्लीज. चांगला माणूस आहे."

"बोलत नाही. दे तू."

फोन हातातून हातात गेल्याची खरखर झाली. मागे कुठेतरी हातोडा पडत होता. मग एक तरुण, घाईतला आवाज आला, हां काका, बोला. डॉक्टर आणि वॉशर दोघेही समोर उभे होते, ऐकत होते, आणि त्यांनी ऐकू नये असं काकांना आता वाटत नव्हतं.

"डावं चाकही काढून बघा," काका म्हणाले. "तेही मीच बसवलंय."